चार्टर शाळांनी पीपीपीचं कर्ज घेतलं त्याची पूर्ण हकीकत (कॅलिफोर्निया, 2020)

आपल्याकडे पीपीपी म्हटलं की रस्ते आणि टोलनाके आठवतात, पण अमेरिकेत 2020 साली पीपीपी म्हणजे पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम, लॉकडाऊनमध्ये छोट्या धंद्यांनी माणसं काढू नयेत म्हणून सरकारने दिलेलं कर्ज, जे पगारावर खर्च केलं की माफ. हॉटेल, सलून, डेंटिस्टचा दवाखाना, जिम, किराणा दुकान अशा लोकांसाठी ते होतं. त्यात चार्टर शाळा कशा आल्या, त्यांनी कर्ज घेतलं ते बरोबर होतं का, शेजारच्या सरकारी शाळेला ते का मिळालं नाही, हे सगळं मला एकदा नीट बसून लिहायचं होतं. मी हिशेबाच्या कामातली आहे, बे एरियात राहते, आणि आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं चार्टर शाळेत जातात त्यामुळे हा विषय आमच्या गप्पांमध्ये तेव्हापासून आजपर्यंत येत असतो आणि दर वेळी अर्धवट माहितीवर भांडण होतं. एक बाजू म्हणते चोरी केली, दुसरी म्हणते कायद्यातच होतं की. दोन्ही म्हणणी अर्धी आहेत असं मला वाटतं, म्हणून एकच राज्य घेऊन, कॅलिफोर्निया, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते.

आधी चार्टर शाळा म्हणजे काय

आपल्याला समजायला सोपं म्हणजे खाजगी अनुदानित शाळा डोळ्यासमोर आणा. संस्था खाजगी, संचालक मंडळ त्यांचं, पण पैसा सरकारचा आणि मुलांकडून फी नाही. अगदी तंतोतंत तसं नाही, कारण आपल्याकडे अनुदानित शिक्षकाचा पगार सरकार ठरलेल्या वेतनश्रेणीप्रमाणे देतं आणि चार्टर शाळेत पगार शाळा ठरवते, माणसं शाळा नेमते, सरकार फक्त मुलांच्या हजेरीच्या हिशेबाने रक्कम पाठवतं. पहिला चार्टर कायदा मिनेसोटा राज्यात 1991 ला आला, कॅलिफोर्निया 1992 मध्ये दुसरं राज्य. 2019 च्या सुमारास देशभर साधारण 7,500 चार्टर शाळा आणि 34 लाखाच्या आसपास मुलं होती, त्यातल्या 1,300 च्या आसपास शाळा एकट्या कॅलिफोर्नियात.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी पुढे सगळ्याचं मूळ ठरली. कॅलिफोर्नियातल्या काही चार्टर शाळा डिस्ट्रिक्टच चालवतो, म्हणजे त्या भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, त्यांना डिपेंडंट चार्टर म्हणतात, शिक्षक डिस्ट्रिक्टचे, हिशेब डिस्ट्रिक्टच्या वहीत. बाकीच्या इंडिपेंडंट, म्हणजे वेगळी नॉन-प्रॉफिट संस्था नोंदवलेली असते, देणगीवर करसवलत मिळणारी, आणि तिचं स्वतःचं बोर्ड असतं. नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी चार्टर चालवायला 1 जुलै 2019 पासून राज्यात बंदी आहे. म्हणजे 2020 उजाडलं तेव्हा इंडिपेंडंट चार्टर शाळेचं रूप असं की पैसा शंभर टक्के नाही पण बहुतेक सगळा सरकारी, कागदावरची संस्था मात्र खाजगी धर्मादाय.

आणि वातावरण आधीच तापलेलं होतं हे विसरू नका. जानेवारी 2019 ला लॉस एंजेलिसच्या शिक्षकांचा संप झाला, फेब्रुवारीत ओकलंडचा, दोन्हीकडे पगार आणि वर्गातली गर्दी या मागण्या होत्याच पण चार्टर शाळांमुळे आमची पटसंख्या आणि पैसा जातो ही तक्रारही मोठी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याने कायदा करून सांगितलं की चार्टर शाळांच्या बोर्डाला सरकारी संस्थांसारखेच खुल्या बैठकीचे नियम लागू, म्हणजे ब्राउन ॲक्ट लागू, माहिती मागण्याचा कायदा लागू, हितसंबंधांचे नियम लागू. चार्टरवाले स्वतः इतकी वर्षं म्हणत आले होते की आम्ही पब्लिक शाळा आहोत, मग पब्लिकसारखं वागा असा त्या कायद्याचा अर्थ. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येतो.

मार्च 2020

13 मार्चला गव्हर्नर न्यूसम यांनी आदेश काढला की शाळा बंद झाल्या तरी राज्याचे पैसे येत राहतील. चारच दिवसांनी त्यावर कायदा झाला आणि हजेरीचा हिशेब 29 फेब्रुवारीपर्यंतचाच धरायचा असं ठरलं, म्हणजे लॉकडाऊनमुळे मुलं लॉगिन झाली नाहीत तरी शाळेचा एक डॉलर कमी होणार नाही. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतेय कारण या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची वस्तुस्थिती तीच आहे. हॉटेलचं गिऱ्हाईक एका दिवसात शून्य झालं. शाळेचा हप्ता चालू राहिला, सरकारीचाही आणि चार्टरचाही.

27 मार्चला केंद्राने केअर्स ॲक्ट मंजूर केला, दोन ट्रिलियन डॉलरच्या वरचं पॅकेज. त्यात शाळांसाठी वेगळा फंड होता, एसर म्हणतात त्याला, 13.2 अब्ज डॉलर, गरीब मुलांच्या संख्येच्या सूत्राने वाटायचा. कॅलिफोर्नियाला त्यातले साधारण 1.65 अब्ज आले. राज्यात मुलं 62 लाखाच्या आसपास, सरासरी काढली तर मुलामागे 270 डॉलरसुद्धा नाहीत. यात चार्टर शाळांनाही वाटा होता, इंडिपेंडंट असतील तर थेट.

त्याच कायद्यात दुसऱ्या पानांवर पीपीपी. सुरुवातीला 349 अब्ज डॉलर, स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन या छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्रीय खात्याच्या ताब्यात, बँकांमार्फत. 500 पर्यंत कर्मचारी असलेले धंदे आणि नॉन-प्रॉफिट संस्था पात्र. महिन्याच्या सरासरी पगारखर्चाच्या अडीच पट रक्कम, जास्तीत जास्त 1 कोटी डॉलर, व्याज 1 टक्का. एका माणसाचा पगार वर्षाला 1 लाख डॉलरपर्यंतच धरायचा. सरकारी संस्था अपात्र, त्यामुळे डिस्ट्रिक्ट बाद, डिपेंडंट चार्टर बाद. पण इंडिपेंडंट चार्टर म्हणजे नोंदणीकृत नॉन-प्रॉफिट, 500 च्या आत कर्मचारी, म्हणजे दार उघडं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर नॉन-प्रॉफिट म्हणताना अन्नछत्रं, वृद्धाश्रम, छोटी थिएटर असणार, शाळा होत्या का ते कायद्यात कुठे दिसत नाही, पण शब्दात त्या बसल्या.

बोर्डाची झूम मीटिंग

3 एप्रिलला अर्ज सुरू झाले आणि 16 एप्रिलला पैसे संपले. तेरा दिवस. मग 24 एप्रिलला आणखी 310 अब्ज मंजूर झाले, 27 ला पुन्हा अर्ज सुरू. जो आधी येईल त्याला मिळेल अशी पद्धत, बँका आपल्या जुन्या ग्राहकांना आधी घेत होत्या, सगळीकडे पळापळ. आणि चार्टर शाळेच्या बोर्डाला ब्राउन ॲक्टमुळे नेहमीच्या बैठकीचा अजेंडा 72 तास आधी, तातडीच्या खास बैठकीचा 24 तास आधी लावावा लागतो, तेवढ्यात बँकेचा कोटा संपला तर. आता ही बोर्डावरची माणसं कोण, तर बहुतेक पगार न घेणारी, कुणी वकील, कुणी पालक, कुणी निवृत्त मुख्याध्यापक, संध्याकाळी घरून झूमवर, बाहेर रोज मृतांचे आकडे वाढताहेत. त्यांच्यासमोर प्रश्न असा की पाच लाख डॉलर मिळतायत, बहुतेक माफ होतील, अर्ज करायचा का नाही.

अर्जात एक प्रतिज्ञा होती. मथितार्थ असा की सध्याच्या आर्थिक अनिश्चिततेमुळे अर्जदाराचं चालू कामकाज टिकवण्यासाठी हे कर्ज आवश्यक आहे. आवश्यक. मिळालं तर बरं होईल असं नव्हे. शाळेच्या अधिकाऱ्याने याखाली सही करायची, खोटं असेल तर केंद्र सरकारशी खोटं बोलल्याचा गुन्हा.

ही सही त्या महिन्यात किती जड आणि किती हलकी झाली ते बघा. मोठ्या हॉटेल साखळ्यांनी कर्ज घेतल्याच्या बातम्या आल्या, बर्गर विकणाऱ्या शेक शॅकने 1 कोटी परत केले, बास्केटबॉलच्या लेकर्स टीमने 46 लाख डॉलर परत केले, लोक भडकले. याच गदारोळात 23 एप्रिलला सरकारचा खुलासा आला की सही करताना तुमच्याकडे पैशाचे दुसरे मार्ग आहेत का याचाही विचार करावा लागेल. नको असेल त्यांनी परत करा म्हणून मुदत दिली, ती वाढवत वाढवत 18 मे केली. आणि त्या मुदतीच्या पाच दिवस आधी, 13 मे रोजी, असा खुलासा की 20 लाख डॉलरच्या आतलं कर्ज असेल तर ती प्रतिज्ञा प्रामाणिकपणेच केली असं आम्ही धरून चालू. एका इमारतीत चालणाऱ्या चार्टर शाळेचं कर्ज क्वचितच 20 लाखाच्या वर जाईल, त्यामुळे ज्या बोर्डांना तीन आठवडे झोप नव्हती त्यांना त्या दिवशी कळलं की आवश्यक या शब्दाचा हिशेब कोणी मागणार नाही.

भीती खोटी नव्हती

इथे मला चार्टरवाल्यांच्या बाजूने मनापासून बोलायचंय कारण विरोधक हा भाग नेहमी गाळतात. 14 मे ला न्यूसम यांनी सुधारित बजेट मांडलं, 54 अब्ज डॉलरची तूट, आणि शाळांच्या मुख्य निधीत 10 टक्के कपातीचा प्रस्ताव. दहा टक्के! शाळेच्या खर्चात पगार सोडून कापण्यासारखं फार काही नसतं, तेव्हा दहा टक्के म्हणजे शिक्षक काढणंच. पुढे जून अखेरच्या अंतिम बजेटमध्ये कपात टळली पण त्याऐवजी 11 अब्जाच्या आसपासचे हप्ते पुढे ढकलले, म्हणजे फेब्रुवारी ते जून 2021 च्या हप्त्यांतले बरेचसे पैसे नव्या आर्थिक वर्षात, उन्हाळ्यात आणि त्यानंतर मिळणार. हप्ता बुडाला नाही पण शिक्षकाला पगार जूनमध्येच द्यायचा असतो.

डिस्ट्रिक्टला अशा वेळी बाजारातून स्वस्तात अल्पमुदतीचं कर्ज उभं करता येतं, कौंटीच्या तिजोरीतून उसने घेता येतात. लहान चार्टर शाळेला ते तितक्या सहज जमत नाही, तिला राज्याकडून येणं असलेली रक्कम सवलतीत विकून रोख घ्यावी लागते, आणि ते महाग पडतं. शिवाय अनेक चार्टर शाळांची इमारत स्वतःची नसते, चर्चचा हॉल, जुनं ऑफिस, गोडाऊन भाड्याने घेतलेलं असतं आणि घरमालक लॉकडाऊन बघत नाही. ज्या शाळेकडे वीस-पंचवीस दिवसांची रोख शिल्लक आहे तिच्या बोर्डाने एप्रिलमध्ये घाबरून सही केली असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही, मी तिथे असते तर मीही हात वर केला असता.

पण सगळ्या शाळा तशा नव्हत्या ना. काहींच्या ताळेबंदात चार-चार, सहा-सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक होती, मागे मोठे देणगीदार होते. जून 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हीच बातमी दिली की बऱ्यापैकी शिल्लक आणि अब्जाधीश पाठीराखे असलेल्या चार्टर शाळांनीसुद्धा हे कर्ज घेतलंय. आणि ही माहिती बाहेर आली त्यात या बोर्डांच्या बैठकींचे कागद फार उपयोगी पडले. खुल्या बैठकीचे नियम लागू असल्यामुळे ठराव, अजेंडा, इतिवृत्त सगळं कुणालाही वाचायला होतं.

आकडा मांडून बघू

नुसतं बोलून कळत नाही म्हणून एक काल्पनिक शाळा घेते. 400 मुलं, 40 कर्मचारी, सरासरी वर्षाचा पगारखर्च माणशी 60 हजार डॉलर. वर्षाचे 24 लाख, महिन्याचे 2 लाख, अडीच पट म्हणजे 5 लाख डॉलर कर्ज. 400 मुलांनी भागा, मुलामागे 1,250 डॉलर. वर काढलेली एसरची सरासरी 270 सुद्धा नव्हती आणि ती या शाळेला वेगळी मिळणारच. रस्त्याच्या पलीकडे डिस्ट्रिक्टची शाळा, तेवढीच मुलं, कदाचित जास्त गरीब, तिला सूत्राने जास्त एसर मिळेल हे धरलं तरी पीपीपीचे शून्य.

आता माफी कशी होते ते बघा, इथे खरी मेख आहे. सुरुवातीला नियम असा की कर्ज मिळाल्यापासून 8 आठवड्यांत खर्च करा आणि 75 टक्के पगारावर करा. आपल्या शाळेचा 8 आठवड्यांचा पगार होतो 3 लाख 69 हजार, म्हणजे 5 लाखाच्या 74 टक्के, 75 ला जेमतेम कमी, त्यामुळे उरलेलं भाडं आणि वीजबिलात धरलं तरी थोडीशी रक्कम माफीबाहेर राहते. 5 जूनला नियम सैल केला, 8 चे 24 आठवडे आणि 75 चे 60 टक्के. 24 आठवड्यांचा पगार 11 लाखाच्या वर जातो. म्हणजे शाळेने वेगळं काहीही न करता, नेहमीचे पगार नेहमीसारखे दिले की कर्ज पूर्ण माफ, भाड्याचं बिल दाखवायचीही गरज नाही.

आणि ते पगार तर राज्याच्या पैशातून झालेच असते! हप्ता येतच होता. म्हणजे कागदावर पीपीपीचे 5 लाख पगारात गेले, आणि पगारासाठी आलेले राज्याचे 5 लाख बँकेत राहिले. पैशावर नाव लिहिलेलं नसतं. माझ्या कामात हे मी रोज बघते, एक खातं भरलं की दुसरं रिकामं व्हायचं थांबतं, त्यामुळे पीपीपीने किती शिक्षक वाचवले या प्रश्नाला शाळेचं पगारपत्रक दाखवून उत्तर मिळत नाही, कर्ज नसतं तर किती जण काढले असते हे विचारावं लागतं. सगळ्या पीपीपीबद्दल हा प्रश्न डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी नंतर विचारला, आणि त्यांचं उत्तर असं निघालं की एकूण रकमेतली फक्त 23 ते 34 टक्के रक्कम अशा कामगारांकडे गेली ज्यांची नोकरी नाहीतर गेली असती. आणि त्यात हॉटेलं, दुकानं सगळी धरून. ज्यांचं उत्पन्न बंदच झालं नव्हतं अशा शाळांचं वेगळं काढलं तर काय येईल याचा अंदाज वाचणाऱ्यांनी करावा.

कर्जमाफी हा शब्द आपल्या कानाला वेगळा लागतो, आपल्याकडे शेतकरी वर्षानुवर्षं मागतो, मग निकष, मग यादी, मग यादीत नाव नाही. इथे माफी कर्जाच्या आतच लिहून ठेवलेली होती.

नावं बाहेर आली

6 जुलै 2020 ला सरकारने दीड लाख डॉलर आणि त्यावरच्या कर्जांची यादी जाहीर केली, पण नेमके आकडे नाहीत, टप्पे, म्हणजे दीड ते साडेतीन लाख, साडेतीन ते दहा लाख, असे 50 लाख ते 1 कोटीपर्यंत. त्यावरून नेटवर्क फॉर पब्लिक एज्युकेशन या चार्टरविरोधी संघटनेने देशभरातल्या 1,300 च्या आसपास चार्टर शाळा आणि त्यांच्या चालक संस्था मोजल्या आणि रक्कम सांगितली 92.5 कोटी ते 2.2 अब्ज डॉलरच्या दरम्यान. इतकी मोठी दरी फक्त टप्प्यांमुळे. लोक वादात दर वेळी वरचाच आकडा फेकतात, किंवा खालचाच, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. नेमके आकडे 1 डिसेंबरला आले, तेही वृत्तसंस्थांनी कोर्टात जाऊन मिळवले तेव्हा.

यादी आल्यावर जो राग उसळला तो मला आजही समजतो. डिस्ट्रिक्टच्या शाळा त्या महिन्यांत काय करत होत्या आठवा, बंद शाळेच्या गेटवर गाड्यांच्या रांगा आणि जेवणाची पाकिटं, चार्टरमधल्या मुलालाही द्यायचे, शेजारच्या म्हाताऱ्यालाही द्यायचे. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने मार्चमध्येच मुलांना इंटरनेट आणि मशीन मिळावं म्हणून 10 कोटी डॉलरची योजना जाहीर केली, आपल्या तिजोरीतून, पुढे भरपाई मिळेल का माहीत नसताना. आणि त्याच शहरातल्या, त्याच सरकारच्या पैशावर चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या शाळेला वेगळ्या खात्यातून वेगळा चेक. शाळा वाईट की चांगली याचा इथे काही संबंध नाही. दोन सख्ख्या भावंडांतलं एक डिस्ट्रिक्टमध्ये आणि एक चार्टरमध्ये अशी घरं आमच्याकडे आहेत, त्यांना काय सांगणार की ताई नॉन-प्रॉफिटमध्ये शिकते आणि दादा सरकारमध्ये.

चार्टरवाल्यांचं उत्तर होतं की आम्हाला इमारतीसाठी स्थानिक बाँडचे, म्हणजे कर्जरोख्यांचे, पैसे डिस्ट्रिक्टसारखे मिळत नाहीत, ती दरी भरायला कधी कोणी आलं नाही, आता एकदा दार उघडलं तर आम्हीच गुन्हेगार? ती दरी खरी आहे, मी नाकारत नाही. पण ती भरायची जागा राज्याचं बजेट आहे. सलूनवाल्यांच्या, टॅकेरियावाल्यांच्या (छोट्या मेक्सिकन खानावळींच्या) रांगेत उभं राहून ती भरणं मला पटत नाही, कारण पहिल्या फेरीचे पैसे तेराव्या दिवशी संपले तेव्हा रांगेत मागे राहिलेल्यांत खरोखर शटर ओढलेले लोक होते, बँकेत ओळख नसलेले, इंग्रजी कमी येणारे, अकाउंटंट नसलेले.

डिसेंबर 2020 मध्ये एक अट आली

27 डिसेंबरला नवीन कायदा झाला आणि पीपीपीची दुसरी खेप सुरू झाली, ज्यांनी एकदा घेतलंय त्यांना पुन्हा घेता येईल. पण या वेळी कर्मचारी 300 च्या आत, रक्कम 20 लाखाच्या आत, आणि 2020 च्या कुठल्यातरी एका तिमाहीत जमा 2019 च्या त्याच तिमाहीपेक्षा निदान 25 टक्के घसरलेली दाखवा. बस. एवढं एक कलम.

मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटते तर या कलमाची, की हे मार्चमध्ये का नव्हतं. मान्य आहे, मार्चमध्ये कुणाची तिमाही संपायची होती, घसरण मोजायला वेळ नव्हता. पण निदान असं लिहिता आलं असतं की माफी मागताना घसरण दाखवा, नाही दाखवता आली तर ते 1 टक्का व्याजाचं साधं कर्ज समजा आणि फेडा. मग घाबरलेल्या शाळेला एप्रिलमध्ये आधारही मिळाला असता, आणि हप्ते वेळेवर आले तर पैसे परतही गेले असते. चांगल्या भावनेची माणसं बोर्डावर असूनसुद्धा त्यांच्यापुढे प्रत्यक्षात दोनच रस्ते उरले, घ्या आणि ठेवा, किंवा घेऊ नका. तिसरा, घ्या आणि गरज लागली नाही तर परत करा, हा कागदावर नंतरही होता, पण सहीबद्दल प्रश्न न विचारता परत करायची मुदत 18 मे ला संपली, तेव्हा तर कपातीचा प्रस्ताव येऊन चारच दिवस झाले होते, त्या क्षणी कुठलं शहाणं बोर्ड पैसे परत करेल?

शाळांकडेही माझं मागणं आहे. ज्यांच्याकडे सहा महिन्यांची शिल्लक होती त्यांनी आवश्यक या शब्दाखाली सही करायला नको होती, वीस लाखाच्या आतला खुलासा येवो न येवो. आणि ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांनी पालकांना साध्या भाषेत सांगायला हवं होतं की एवढे घेतले, बँकेत तेव्हा एवढे होते, भीती ही होती. ठराव अजेंडावर टाकला म्हणजे पालकांना सांगितलं असं होत नाही, रात्रपाळी करणारी आई अजेंडा वाचत नसते.

पुढे काय झालं

मे 2021 मध्ये न्यूसम पुन्हा बजेट घेऊन उभे राहिले आणि या वेळी 75 अब्ज डॉलरच्या वर शिल्लक. ज्या राज्यात वर्षापूर्वी 54 अब्जाची तूट होती तिथे. शेअर बाजार, श्रीमंतांचा कर, केंद्राची मदत सगळं मिळून. ढकललेले हप्ते चुकते झाले. त्याआधी डिसेंबरमध्ये एसरची दुसरी खेप 54 अब्जाची, मार्च 2021 ला तिसरी 122 अब्जाची, तिन्ही मिळून देशभर 190 अब्जाच्या आसपास, आणि चार्टर शाळांना त्यातही वाटा. तिसऱ्या खेपेतले निदान 20 टक्के बुडालेल्या अभ्यासावर खर्च करायचे, त्याचा आराखडा लोकांसमोर मांडायचा, 30 सप्टेंबर 2024 पर्यंत वापर ठरवायचा, नाहीतर परत. प्रत्येक डॉलरमागे कागद.

पीपीपीच्या पैशामागे असा कागद नाही. 20 लाखाच्या वरच्या कर्जदारांना गरज सिद्ध करा म्हणून एक प्रश्नावली ऑक्टोबर 2020 मध्ये काढली होती, नॉन-प्रॉफिटसाठी तिचा वेगळा फॉर्मही होता, जुलै 2021 मध्ये ती बंद केली. देशभरातल्या कर्जांपैकी 90 टक्क्यांहून जास्त माफ झाली.

तुमचं मूल कॅलिफोर्नियातल्या इंडिपेंडंट चार्टरमध्ये असेल तर एक करा. दर वर्षी शाळेचं बाहेरच्या ऑडिटरकडून ऑडिट होतं आणि ते मागितल्यावर मिळतं. 2019-20 आणि 2020-21 अशी दोन वर्षं काढा. काही शाळांनी पीपीपीची रक्कम माफी मिळेपर्यंत कर्ज म्हणून देण्यांमध्ये दाखवली, काहींनी अटीवरचं अनुदान म्हणून थेट उत्पन्नात घेतली, दोन्ही चालतं, त्यामुळे एकाच ठिकाणी शोधून सोडून देऊ नका, मागच्या टिपा वाचा. मग 30 जून 2020 ची रोख शिल्लक बघा, वर्षाच्या एकूण खर्चाला 365 ने भागून किती दिवसांचा खर्च हातात होता ते काढा, आणि एका वर्षाने तोच आकडा पुन्हा काढा. पाच लाख घेतले आणि शिल्लक पाच लाखांनी वाढली असेल तर ते तिथे स्पष्ट दिसेल, आणि वीस दिवसांवरची शाळा तीस दिवसांवर येऊन तरली असेल तर तेही दिसेल. बोर्डाच्या बैठकीत सुरुवातीला लोकांना बोलायला वेळ देतात, बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं. तिथे हे दोन आकडे वाचून दाखवायला तेवढा वेळ पुरतो.